बावीस मिनिटं

सहावी शिट्टी झाल्यावर कल्याणने गॅस बंद केला, वाफ जाण्याची वाट पाहिली आणि चमच्यावर डाळीचा एक दाणा घेऊन बोटांत दाबला. दाणा फुटला, पण मऊ झाला नाही. मधोमध टणक, पांढरा ठिपका राहिला. त्याने ताटलीत दहा दाणे ओळीने मांडले आणि एकेक दाबत गेला. दहापैकी आठांत ठिपका होता. खिळ्याला अडकवलेल्या वहीत त्याने तारीख घातली आणि पुढे लिहिलं : सहा शिट्ट्या, कच्ची.

दाणे असे दाबणं हे त्याचं रोजचं काम होतं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तो प्रयोगशाळा सहाय्यक होता. तुरीच्या नव्या वाणाची डाळ किती वेळात शिजते हे तो काचपात्रात ती उकळून, घड्याळ लावून, दोन काचपट्ट्यांमध्ये दाणे दाबून ठरवायचा. अकरा वर्षांत त्याची एकही नोंद चुकीची म्हणून परत आली नव्हती. घरातली डाळ ओळखीच्या वाणाची होती. केंद्रातल्या रजिस्टरात त्या वाणापुढे त्याच्याच अक्षरात बावीस मिनिटं लिहिलेलं होतं.

मीना आष्टीला माहेरी निघून गेली त्याला आठ महिने झाले होते. पहिले सात महिने तो मेसमध्ये जेवला. तिथे रोज कुणीतरी घरच्यांची चौकशी करायचं, म्हणून त्याने तीन लिटरचा कुकर आणला. भात जमला, अंडी जमली, पोळी गोल नाही तरी खाण्याजोगी होऊ लागली. डाळ जमेना.

लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात मीनाचीही डाळ अशीच राहायची. तेव्हा त्याने तिला रजिस्टरातला आकडा सांगितला होता. डाळीत खोट नाही, तुझा अंदाज चुकतो, असं म्हणाला होता. तिने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यापासून डाळ लोण्यासारखी शिजू लागली आणि पाच वर्षं तशीच शिजत राहिली. आपल्या सांगण्याचा गुण आला, असं कल्याण धरून चालला होता.

टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली घटस्फोटाच्या अर्जाचे कागद होते. थोरला भाऊ धर्मराज सकाळी कुंभार पिंपळगाव या त्याच्या गावाहून येऊन ठेवून गेला होता. सही कुठे करायची तिथे वकिलाने पेन्सिलीने तीन फुल्या मारल्या होत्या. धर्मराज दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी कागद घ्यायला येणार होता. जाताना त्याने कुकरमध्ये डोकावून, मेस परत लाव, ही डाळ खाऊन कोर्टात उभं राहायला ताकद यायची न्हाई, असं सांगितलं होतं.

कल्याणने अर्ज दोनदा वाचला होता. कलमं नऊ होती. पटत नाही, बोलणं होत नाही, दोघांनी वर्षभर खोल्या वेगळ्या केल्या, हे सगळं खरं होतं. सातवं कलम धर्मराजने सांगून लिहवलं होतं : गैरअर्जदार ही दररोज सायंकाळी सबळ कारणाशिवाय घराबाहेर जाते व तासभर परत येत नाही. एकदा तो न कळवता आला तेव्हा घराला कुलूप होतं. मीना कळशी घेऊन परतली आणि पाण्याला गेल्ते म्हणाली. नळ घरात असताना, असं विचारून धर्मराज हसला होता. कल्याणनेही पुन्हा विचारलं नव्हतं. तो स्वतः साडेसहाला घरी यायचा, तेव्हा ती घरातच असायची.

दारातून आवाज आला. शेजारच्या साळूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"शिट्ट्या मोजून राह्यले मी. सहा झाल्या. गिरणी टाकली का काय घरात?"

"डाळ शिजत न्हाई, मावशी."

त्या आत आल्या, न विचारता ताटलीतला दाणा उचलून दातांखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"पानी कोन्तं घातलं?"

"नळाचं."

"नळाला बोरचंच पानी. त्यात शिजली असती तर ती पोरगी रोज रुळाच्या पल्याड कशाला गेल्ती?"

कल्याणने चमचा खाली ठेवला. साळूबाई सहज बोलत होत्या, आठवत होत्या. भागवताच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोड, म्हणून दोघी पाच-साडेपाचला निघायच्या. गाडी यायची असली की फाटकाशी थांबावं लागायचं. एवढं चालण्यापरीस पिण्याच्या विकतच्या जारमधलं घाल, असं त्यांनी मीनाला सांगितलं होतं.

"तर म्हनली, ते म्हनलेत जार पिन्यापुरताच हाय."

तो तसं म्हणाला होता. कुठल्या बोलण्यात, ते त्याला आठवलं नाही. दरवर्षी केंद्रात शिकाऊ मुलं यायची, तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी सांगायचं वाक्य मात्र आठवलं. चाचणीला नळाचं पाणी घ्यायचं नाही. क्षारांच्या जड पाण्यात डाळ उशिरा शिजते आणि दोष वाणाच्या नावावर जातो.

"आता एकलाच हाइस, जारमधलं घे," साळूबाई म्हणाल्या.

त्याने कोपऱ्यातल्या जारकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

"तिची कळशी कुठंय?"

"माझ्याकडंच हाय. जाताना ठेवून गेली. त्यांनी मागितली तर द्या म्हनली."

"आठ महिने झाले, मावशी."

"तू कुठं मागितलीस?"

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो निघाला. रिकामी कळशी कशी धरायची हे त्याला कळेना. आधी हातात घेतली, मग बगलेत. चहाच्या टपरीवरचे दोघे बोलता बोलता थांबले. रुळापलीकडे भागवत हौदाशी पाइप गुंडाळत होता. त्याने कल्याणकडे पाहिलं, कळशीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पाइपचं तोंड तिच्यात सोडलं.

"वहिनी आल्या का?"

"न्हाई."

कळशी भरल्यावर भागवताने ती खांद्यावर चढवायला हात दिला.

परतताना फाटक पडलं. मालगाडी लांबलचक होती. कळशी खाली ठेवली तर पुन्हा चढवायला कुणी नव्हतं, म्हणून तो तसाच उभा राहिला. पाणी हिंदकळून शर्ट एका बाजूने कमरेपर्यंत भिजला. घरी येऊन त्याने घड्याळ पाहिलं. सहा बत्तीस. बावन्न मिनिटं झाली होती.

त्याने दोन सारखी पातेली काढली. दोन्हींत वाटीवाटी डाळ, चार-चार वाट्या पाणी. डावीकडच्यात नळाचं, उजवीकडच्यात कळशीतलं. दोन्ही शेगड्यांवर आच सारखी ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसला. पंधराव्या मिनिटापासून त्याने दाणे काढायला सुरुवात केली. बावीस मिनिटांना उजवीकडच्या पातेल्यातले दहाच्या दहा दाणे बोटांखाली मऊ पसरले. डावीकडच्या दहांत दहा ठिपके होते. त्याने डावीकडची शेगडी बंद केली.

वहीत त्याने काही लिहिलं नाही. हात धुतले, कोरडे केले, तांब्या बाजूला सरकवला आणि अर्ज उघडला. सातव्या कलमावर पट्टी ठेवून त्याने निळ्या पेनाने एक रेघ ओढली, एकच. रजिस्टरात चुकीची नोंद गिरवून काळी करायची नसते. ती खाली वाचता आली पाहिजे आणि बाजूला खोडणाऱ्याची सही, तारीख हवी. त्याने समासात सही केली, तारीख घातली.

मग त्याने तेल तापत ठेवलं. जिरं टाकायच्या आधीच फोन वाजला. धर्मराज होता. सकाळी सातलाच येतो, वकिलाला नंतर जालन्याला जायचंय, असं म्हणाला. मग विचारलं,

"सह्या केल्या का?"

"एक केली."

"एक? तीन जागी हायेत. फुल्या मारल्यात की त्यानं."

"फुल्यांच्या जागी न्हाई केली."

"मंग कुठं?"

कल्याणने फोन खांदा आणि गालाच्या मधे धरला आणि जिरं तेलात सोडलं.

"सातव्यापाशी," तो म्हणाला. "रेघ मारलीय, पण वाचता येतंय. उद्या वाच."