गळ्यातली डबी

"ओ शोभनाताई, आमच्या सुरभीचं ब्लाउज झालं क्या?"

पोह्याच्या ठेल्यावरून धनेश ओरडला. शोभना पारखे खाली मान घालून पुढे निघाली.

पदराखाली, छातीशी, दोरीत अडकवलेली पितळी डबी होती. आत पांढरी पातळ चकती. लोकांच्या लेखी पिठाची. तिच्या लेखी साक्षात ख्रिस्ताचं शरीर. चर्चमधली मिस्सा, रविवारची उपासना, संपल्यावर फादरनी डबी तिच्या गळ्यात घातली आणि नेहमीचंच बजावलं, "सीधे मरीज़ के घर. रास्ते में बात नहीं." देव सोबत असताना ब्लाउजच्या गप्पा मारायच्या नसतात. एरवी फॉल-पिको करणारी शोभनाताई गल्लीभर बडबडते. आज तिनं तोंड मिटलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

"बहिरी झाली क्या? ओ ताई!" धनेश प्लेट ठेवून आडवा आला. "इतका भाव? आणि पदराखाली काय दाबून धरलंय?"

ठेल्यावरची चार टाळकी उठली. "भिया, चर्च से आ रही है. बीमारों के घर जाके यही बाँटके धरम बदलवाते हैं."

मल्हारगंजात शेकडो माणसं गळ्यात ताईत, गंडे, पेटी घालून हिंडतात. उघडून दाखव असं कोणी कोणाला म्हणत नाही. फक्त हिलाच म्हणायचं. वर त्याला जागरूकता म्हणायचं!

तिकडे वासुदेवकाका वाट बघत असणार. घशाचा कॅन्सर. पुढचा रविवार ते बघतील याची खात्री डॉक्टरलासुद्धा नव्हती.

"वासुदेवकाकांसाठी नेतेय," शेवटी ती बोलली. "आमच्यातलेच आहेत ते, ख्रिस्ती. जाऊ दे रे."

"खायचं आहे ना? मग एक टुकडा आम्हाला पण दे. देवाचं है तो सबका है." धनेशनं हात पुढे केला. मागून कोणीतरी हसलं.

द्यायचं तर ते बोटांत धरून खिदळणार, गटारात टाकणार. नाही म्हणावं तर डबी हिसकणार. धनेशची बोटं दोरीपर्यंत आली. शोभनानं झाकण उघडलं, चकती काढली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

"अबे, बुड्ढे का माल खुद खा गई!"

"भुक्कड!" धनेश हसत बाजूला झाला. "जा ताई, जा. हमको लगा क्या-क्या होगा."

ती चालत राहिली. देव वाचवला, पण काकांच्या वाट्याचा घास आपण गिळला. आता कोणत्या तोंडानं जायचं?

काकांच्या दारात मंजिरीकाकूंनी मेणबत्ती लावून ठेवली होती. काकांना उशीला टेकवून बसवलं होतं. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस.

शोभनानं डबी उघडली. झाकणाच्या कडेला एक कण चिकटला होता. तिळाएवढा. तुटलेल्या प्रत्येक कणात ख्रिस्त पूर्ण असतो, हे ती लहानपणापासून घोकत आली होती. विश्वास ठेवायची वेळ मात्र आज आली. हे चालेल ना? फादरना फोन लावावा का? काकांचे ओठ आधीच उघडले होते.

तिनं चमच्यात पाणी घेतलं, कण त्यात सोडला.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," काका पुटपुटले. घोट उतरला. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आज घास घशात टोचला नाही गं."

एखादा कण उरू नये म्हणून शोभनानं डबीत पाणी घालून ते पिऊन टाकलं, डबी रुमालानं आतून पुसली. काकूंनी विचारलं, "रडतेस क्यों?" तिनं रुमालाची घडी घातली.

दुपारी मशीनवर बसून तिनं सुरभीच्या ब्लाउजला हुक लावले. शेवटचा टाका तोडला तेव्हा धनेश दारात उभा होता.

"बुरा नको मानू हां ताई. मज़ाक था. झालं क्या?"

डबी केव्हाच चर्चमध्ये परत गेली होती. गळा मोकळा होता. शोभनानं ब्लाउजची घडी घातली, कागदात गुंडाळली, त्याच्या हातात दिली आणि एक शब्दही न बोलता मशीनचं चाक पुन्हा फिरवलं.