पहिली गोळी

सुदानमधल्या अटबऱ्याच्या बाजारात तुंबाकाची, म्हणजे ओठाआड धरायच्या तंबाखूची, दुकानं पाच, पण गर्दी झरूकच्याच ओट्यापुढे. अल-फाशिरहून आलेली तंबाखूची पानं तो स्वतः कुटायचा, खाराचं पाणी शिंपडून बोटांनी मळायचा आणि ताज्या मालाची पहिली गोळी सगळ्यांदेखत आपल्या खालच्या ओठाआड सारायचा. मग डोळे मिटून मान हलवायचा. ती मान हलली की माल खपला. तीस वर्षं गाव त्याच्या ओठावर विसंबून होतं.

त्याच ओठाच्या आत आता पांढरा, सुरकुतलेला चट्टा आला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. "अजून कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "आजपासून बंद केलंत तर चट्टा जाईलही. नाही केलंत तर एक दिवस जबडा जाईल."

झरूकने बंद केलं, त्याला आज तेवीस दिवस झाले. दिवस कसले, छळच तो. डोकं ठणकायचं, बायकोवर उगाच खेकसायचा. बोटं तर ऐकतच नसत, जेवताना भाकरीच्याही गोळ्या वळत बसायची.

आज नवा माल तयार होता आणि पहिली गोळी लोक बघणारच होते. त्यावर बायकोने, निअमतने, तोड काढली. काळ्या खजुराचा गर कुटून तिने हुबेहूब गोळी वळली. "ही सारा ओठाआड," ती म्हणाली. "जबडाही राहील आणि दुकानही."

दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. सगळ्यांत पुढे बाबिकिर, रेल्वेचा निवृत्त ड्रायव्हर, झरूकचा लहानपणापासूनचा दोस्त.

"सोडलीस म्हणे?" बाबिकिर म्हणाला. "आमच्या आधीच तुझा रमजान सुरू झाला वाटतं."

"वहिनींनी तोंडाला कुलूप घातलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "स्वतः खात नाही त्याच्या हातची कोण घेणार?"

झरूकने माल मळल्यासारखं केलं, तळहातातली खजुराची गोळी ओठाआड सारली, डोळे मिटले आणि मान हलवली. लोक खूश झाले. बाबिकिरने तर दुप्पट माल घेतला आणि तिथेच एक गोळी वळून ओठाआड दाबली.

"तुझी मान हलली की मला बघायला नको," तो म्हणाला.

झरूकच्या तोंडात खजूर गोड लागत होता. आपला जबडा आपण वाचवतोय आणि आपल्याच भरवशावर दोस्ताचा घालवतोय, हे त्याला लख्ख दिसलं. स्वतःचीच किळस आली. त्याने गोळी तळहातावर थुंकली आणि हात सगळ्यांपुढे धरला.

"खजूर आहे हा."

मघाचा मागचा माणूस उसळला. "म्हणजे फसवलंस आम्हाला?"

"फसवलं. आता खरं बघा." झरूकने खालचा ओठ दोन बोटांनी उलटा केला. "तीस वर्षांच्या पहिल्या गोळ्या इथे आहेत. लांबून काय बघता, जवळ या."

"माझा आजा रोज दहा गोळ्या लावून ऐंशी वर्षं जगला," तो माणूस म्हणाला.

"जगला असेल. मला माझ्याच जबड्याने जेवायचंय."

"आणि जेवणार काय, दुकान बुडवून?"

"खजूर विकीन. पहिला तुमच्यादेखत मीच खाईन." झरूकने पाण्याचा माठ उचलला आणि अख्ख्या मालावर ओतला. परातीत नुसता तपकिरी चिखल झाला. "समोर चार दुकानं आहेत. जायचं त्याने जावं. मी मात्र पुन्हा मान हलवणार नाही, कुणासाठीच नाही."

शिव्या देत, हसत माणसं पांगली. झरूक ओट्यावर ताठ बसून राहिला. बाबिकिर तेवढा हलला नाही. त्याची जीभ ओठाच्या आतून फिरताना बाहेरून दिसत होती. मग त्याने गोळी काढून टाकली, तोंड धुतलं आणि ओठाआड बोट घातलं. ते त्याने बराच वेळ काढलं नाही.

"झरूक," तो हळूच म्हणाला, "तुझा तो चट्टा... हाताला खरखरीत लागतो का रे?"

झरूक ओट्यावरून उतरून त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. "उद्या आठला येतो तुला दवाखान्यात न्यायला. नाही म्हणालास तर उचलून नेईन."

"आठला नको," बाबिकिर म्हणाला. "सातलाच ये."