पांढऱ्या पोटाची बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. काठाचे टवके उडाले आहेत, कडीची लाकडी मूठ झिजली आहे. पण माझा पांढरा मुलामा आतून अजून शाबूत आहे आणि माझी गोष्ट त्या पांढऱ्या पोटाचीच आहे.

कारखान्यात मला पत्र्यातून वळवले, मुलाम्यात बुडवले आणि भट्टीत भाजले. नायजेरियातल्या अबेओकुटा शहराच्या बाजारात अबेनी नावाच्या मुलीच्या आईने मला घेतले. ती निळीत कापड रंगवायची; मी तिच्या रांजणांना पाणी पुरवायचे. पुढे अबेनीने लग्नाच्या फुलांचे दुकान काढले आणि मीही तिच्याबरोबर गेले.

आमच्याकडे लग्न ठरले की आधी कापड ठरते. मुलीकडच्या साऱ्या बायका एका रंगात, मुलाकडच्या दुसऱ्या. रंगाची हवा मात्र दरवर्षी बदलते. एका वर्षी अबोली, पुढच्या वर्षी आमसुली. फुले काही अशी बदलत नाहीत. म्हणून अबेनी पांढरी कार्नेशनची फुले आणायची, देठ तिरके कापून माझ्यातल्या कोमट रंगीत पाण्यात उभे करायची. पाणी देठातून वर चढे, पाकळ्यांतून हवेत उडून जाई आणि रंग मागे राही; आधी कडांना, मग आत. कसल्याही चिंधीशी ती फूल असे जुळवी की मी बघतच राही.

मग हिरव्या प्लास्टिकच्या हलक्या बादल्या आल्या. मला दाराशी ठेवून माझ्यात झाडू उभे केले गेले.

त्या वर्षी मोरपंखी रंगाची चलती होती. वुराओला नावाच्या मुलीची आई कापडाची पट्टी घेऊन आली. एकुलत्या एका मुलीचे लग्न. नवरीला नाचत मांडवात आणणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात फुले हवीत आणि पट्टीत नि फुलात तसूभर फरक चालणार नाही, असे तिने बजावले. अबेनीने हिरव्या बादल्यांत फुले तंतोतंत जुळवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी शिंप्याकडून नवे कपडे घालूनच वुराओलाची आई आणि तिची धाकटी बहीण आल्या. आईने गुच्छ छातीशी धरला. मोरपंखीवर मोरपंखी.

"अगं ताई, फुलं गिळलीस की काय?" बहीण म्हणाली.

आईने आरशात पाहिले आणि ती स्टुलावर बसली. "उद्या आम्ही हात वर करून नाचणार," ती हळूच म्हणाली, "आणि लोकांना वाटणार, वुराच्या घरच्या बायका रिकाम्या हातांनी आल्यात."

अबेनी तिच्याजवळ खाली बसली. "आई, मी नुसती पट्टी बघितली. तेच कापड नेसून तुम्ही सगळ्या शेजारी शेजारी उभ्या राहणार, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. संध्याकाळपर्यंत थांबा."

प्रत्येकीला एकेक देऊन चार-दोन उरतील एवढीच पांढरी फुले शिल्लक होती आणि नवी आणायला वेळ नव्हता. कापडावर उठून दिसायला या खेपेस फिका रंग हवा होता, आणि हिरव्या बादलीत फिके पाणी हिरवेच दिसते. अबेनीने इकडे तिकडे पाहिले, मग दाराशी येऊन माझ्यातले झाडू काढले.

"चल गं म्हातारे," ती म्हणाली, आणि मला घासून स्वच्छ केले.

थेंब थेंब रंग टाकून ती माझ्या पोटावर त्याची छटा पाहत होती. फुले खिडकीपाशी ठेवून ती शेजारी बसून राहिली. कडांवर मोरपंखी रेघ उमटू लागताच तिने फुले उचलली. देठातला रंग नंतरही चढतो, म्हणून रंगलेली टोके कापून फुले साध्या पाण्यात ठेवली. सगळे पांढरे फूल आणि पाकळीला बारीक काठ. संध्याकाळी आईने एक फूल छातीशी धरले आणि बराच वेळ आरशासमोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली फुले घेऊन मी मांडवाच्या कोपऱ्यात होते. ढोल वाजले, मोरपंखी बायकांची रांग आली, हात वर गेले आणि त्या साऱ्या रंगावर पांढरी फुले उठून दिसली. मुलाकडच्या बायका विटकरी रंगात होत्या. "आम्हाला का नाही सुचलं हे?" असे त्यांच्यातली एक पुटपुटली. वुराची आई नाचता नाचता माझ्यापाशी आली आणि आणखी एक फूल उचलून गेली.

मित्रांनो, तुमच्या दाराशीही माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यात झाडू ठेवा, चालेल. फक्त तारेच्या घासणीने तिचे पोट खरवडू नका. पुढच्या वर्षी कोणता रंग येईल, मला ठाऊक नाही. पण तो जसा आहे तसा दिसायला मागे पांढरे लागेल.