पाच कुडोची बांधी

डोमनलालने पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं : वरची पाच कुडोची बांधी धनेंद्रला, खालची पाच कुडोची ओमेश्वरीला. पोरगा-पोरगी सारखे. बांधी म्हणजे बांधांनी वेढलेलं धानाचं शेत, कुडो हे धान मोजायचं माप. ज्या बांधीला पाच कुडो बियाणं लागतं ती पाच कुडोची, असा गावाचा जुना हिशेब.

ओमेश्वरी आमगावच्या सासरहून मुद्दाम आली होती. खालच्या बांधीत तिला चिन्नोर लावायचं होतं. सुवासिक धान, सतत पाणी मागणारं. तिथं पाणी टिकायचं.

धनेंद्र मोबाइल घेऊन दोन्ही बांध्यांना फेरा मारून आला.

"बाबूजी, माझी पंचवीस डिसमिल भरून राहिली, हिची पन्नास. पाव एकर अन् अर्धा एकर सारखे होतेत का?"

"मोबाइल बिघडला असन गा."

टेप आणला. टेपही मोबाइलच्याच बाजूने बोलला. डोमनलाल बांधावर बसला.

डोमनलालची बायको सुखवंता हसू दाबत, सासऱ्यांची आठवण काढत म्हणाली, "वरच्या बांधीत पाणी ठरे नाही. मामाजी तिथं मुठीनं धान फेकत, बियाणं दाट लागे. खाली पऱ्हे टाकून, रोपं उपटून दूर दूर रोवणा. तेवढ्याच बियाण्यात दुप्पट जागा."

"आजवर काऊन नाही सांगितलं?"

"तुमी जमीन कधी इचारली? बियाणं किती भिजवलं, एवढंच इचारत होते."

"मग खाली मधात धुरा टाका," धनेंद्र म्हणाला. "जास्तीचं बराबर वाटू."

ओमेश्वरीला मधे बांध नको होता. पाणी एकाच कोपऱ्यातून शिरायचं. धुरा पडला की कोरड्या बाजूला चिन्नोर कसलं होणार?

"धुरा कायले दादा? अदलाबदल करू. पुरी खालची तू घे, वरची मले दे."

म्हणताना तिने बांधीकडे पाहायचं टाळलं. तो हो म्हणाला, तर चिन्नोर गेलंच.

धनेंद्रने वर पाहिलं. डांबरी रस्ता वरच्या बांधीला लागून होता. ट्रॅक्टरच्या शेडची जागा त्याने तिथंच मनाशी धरली होती.

"खाली ट्रॅक्टर फसते," तो म्हणाला.

"फसतेच."

"चिखल किती आहे."

"गुडघाभर," ओमेश्वरीने कबूल केलं.

"बोल ना गा," डोमनलाल म्हणाला. "घेतोस का खालची?"

"राहू द्या. ज्याची त्याले." धनेंद्रने टेप गुंडाळायला घेतला. "पण पहिल्या सालचा तांदूळ आमच्या घरी आला पायजे."

"मागाले ये, मग देईन."

ओमेश्वरीने चपला बांधावर काढल्या आणि पाणी शिरतं तो कोपरा पाहायला ती चिखलात उतरली.