चार वर्गांची तोंडी परीक्षा

त्या सकाळी आईने तिला दहापैकी सात गुण दिले.

आई निवृत्त प्राध्यापिका. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेलं, त्यातही एकपेशीय आदिजीव ही तिची खास जहागीर. आता तिला पोटची मुलगी ओळखू येत नसे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बरण्या बरोबर ओळखू येत. वाळलेलं गवत उकळायचं, निवलेल्या पाण्यात तळ्यातलं थोडं पाणी मिसळायचं, की काही दिवसांत त्यात जीव वळवळू लागतात. बरण्यांत पाणी घालणं, गवत बदलणं, थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणं, हे सगळं मुलीच्या गळ्यात पडलं होतं. आईच्या लेखी ती कॉलेजात नव्याने लागलेली कोणीतरी होती.

"अहो बाई, नुसत्या उभ्या काय राहता? आदिजीवांचे चार वर्ग सांगा."

सख्ख्या मुलीला 'अहो'. सुरुवातीला ते फार लागलं होतं. पुढे अंगवळणी पडलं.

"खोटे पाय काढत सरकतो तो अमिबा," भांडी घासता घासता तिने सुरू केलं. "चाबकासारखं शेपूट फिरवत जाते ती युग्लिना. अंगभर बारीक केस हलवत पोहतं ते पॅरामेशियम."

"आणि चौथा?"

"मलेरियाचा. त्याला चालायचं साधनच नाही. सगळं दुसऱ्यांच्या जिवावर."

"यजमान किती?"

"दोन. डास आणि माणूस."

"त्यातल्या एकाने हात वर केले तर?"

"चक्र तिथेच थांबतं."

"सात," आई म्हणाली. "तीन कापले. परीक्षकाकडे पाठ करून उत्तर द्यायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी आई झोपेतून उठलीच नाही.

मग माणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येक जण दारात चपला काढता काढता म्हणे, "सुटल्या बिचाऱ्या." ती मान हलवी. तेच क्रियापद तिच्याही जिभेवर होतं, फक्त कर्ता वेगळा होता. तो काही तोंडाबाहेर काढता येत नव्हता. रडू येत होतं, खोटं कशाला बोला. पण रात्रभर सलग झोपही लागत होती. गॅस बंद आहे ना, दाराला कडी आहे ना, हे बघायला उठावं लागत नव्हतं. भूक लागत होती. आणि हे सांगणार कोणाला?

मावशीला तर नाहीच. आईची ही धाकटी बहीण मुक्कामाला आली होती आणि तिने परस्पर ठरवून टाकलं होतं, "ताईच्या बरण्या आता तूच सांभाळायच्या. तिचा जीव होता त्यांच्यात."

"तिचा एक. बाकीचे लाखभर."

"बोल, काहीही बोल. पण सांभाळ."

पंधराएक दिवसांनी एका दुपारी आईची जुनी विद्यार्थिनी आली. आता ती त्याच कॉलेजात विभागप्रमुख होती. चहा घेता घेता रोजच्या परीक्षेचा विषय निघाला, आणि मुलीने चारही वर्ग धडाधड म्हणून दाखवले.

विभागप्रमुखांनी कप खाली ठेवला. "अहो, हे वर्ग केव्हाच मोडीत निघाले! नुसत्या चालीवरून नातं ठरत नाही. खोटे पाय तर कोणीही काढतं, अमिबांचीच किती वेगवेगळी कुळं निघाली. आणि तो मलेरियाचा आयतोबा आणि तुमचं केसाळ पॅरामेशियम, ही चक्क चुलत भावंडं ठरली."

"म्हणजे मी रोज चुकीची उत्तरं देऊन पास होत होते?"

"हे नवं आम्हाला मॅडमनीच तर शिकवलं. पुढचं पुसलं गेलं असणार, जुनं तेवढं राहिलं."

तिला हसू फुटलं. आवरेना. मावशीने डोळे वटारले, तशी ती आणखीच हसली. पदर नव्हता, म्हणून ओढणी तोंडावर धरली.

हसू ओसरेपर्यंत विभागप्रमुख खिडकीपाशी पोचल्या होत्या. आई गेल्यापासून बरण्यांत कोणी पाणी घातलं नव्हतं. तळाशी तपकिरी पापुद्रा धरला होता.

"मेले की काय गं सगळे?" मावशीने तोंडावर हात नेला.

"नाही हो. पॅरामेशियमचं खात्रीने नाही सांगता येत, पण बाकीचे बरेचसे पुटीत जातात. अंगाभोवती टणक कवच करून गप्प पडून राहतात. पाणी घातलं की बाहेर येतील, खातील, एकाचे दोन, दोनाचे चार. परत सगळं सुरू."

"बघ!" मावशी उभीच राहिली. "आण गं पाणी."

परत सगळं सुरू. ती जागची हलली नाही. उकळत्या गवताचा वास नुसत्या आठवणीनेच नाकात शिरला.

"नको," ती म्हणाली आणि विभागप्रमुखांकडे वळली. "बरण्या तुम्ही कॉलेजात न्या. मुलांच्या उपयोगी पडतील."

"अगं, ताईची आठवण ती!"

"आठवण आहे मला, मावशी. बरण्या नकोत."

"दमली आहेस तू. थोडे दिवस जाऊ देत, मग तुलाच वाटेल."

"दमले होते. आता नाही." तिने खिडकीतली पहिली बरणी उचलून विभागप्रमुखांच्या हातात दिली. "आई मला हवी होती. आजही हवी आहे. पण येतो तो म्हणतो, ती सुटली. तिचं मला माहीत नाही, मावशी. मी सुटले."