पेठेतली लाल रेघ

शहराचा वीस वर्षांपूर्वीचा विकास आराखडा नव्याने करायचं काम नगरपालिकेने तिच्या गळ्यात घातलं, तेव्हा तिला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. कारण जुना आराखडा तिच्या सासऱ्यांच्या हातचा होता. अण्णा त्याच कार्यालयात मुख्य आरेखक होते. नव्याने रुजू झालेल्या या मुलीला पट्टी कशी धरायची इथपासून त्यांनी शिकवलं आणि दोन वर्षांनी तिला थेट सून करून घरी आणलं. कार्यालयात अजून म्हणतात, अण्णांनी एकच फाईल घरी नेली, ती काही परत आणली नाही.

तिने सुरुवात बाजारपेठेपासून केली. महिनाभर मोजणी करत फिरली. खाली दुकान, वर घर अशा त्रेसष्ट इमारती. त्यांतल्या एकेचाळीस घरांना कुलपं. का, ते अशाच एका घराखाली शिवणाचं दुकान चालवणाऱ्या टेलरबाईंनी सांगितलं. त्यांचा जिना सडला होता. दुरुस्तीची परवानगी मागितली की उत्तर ठरलेलं, पुढचे आठ फूट रस्तारुंदीत जातात. शेवटी वरचं घर बंद करून त्या लांब राहायला गेल्या आणि बारा वर्षं रोज तासभर बसने ये-जा करत होत्या. बाकीच्यांचीही हीच रड.

रुंदीकरण मात्र कधी झालंच नाही. ट्रकसाठी शहराबाहेरून वळणरस्ता निघाला, पण नकाशावरची रुंदीकरणाची लाल रेघ तशीच राहिली. ती अण्णांनी काढलेली.

नव्या मसुद्यात तिने ती पुसली. घरी जेवणाच्या टेबलावर काम करताना अण्णांची चाहूल लागली की ती नकाशावर वर्तमानपत्र पसरायची. पण नकाशा उलटा धरला तरी वाचणारा तो माणूस. दोन दिवस अण्णा खाली मान घालून जेवले. नवऱ्याने अंग काढून घेतलं; म्हणाला, हे तुमचं कार्यालयातलं, मला मध्ये ओढू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चपला घालून दारात उभे.

"चल, दाखव मला."

टेलरबाईंच्या घरात जायला आता शिडीच होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे धाडस नको म्हणून दोघींनी परोपरीने सांगितलं, पण अण्णांनी चष्मा खिशात घातला आणि चढले. मागोमाग ती, जीव मुठीत धरून. वर स्वयंपाकाचा ओटा, त्याच्यापुढे रस्त्यावरची खिडकी. इथून दोरीने पिशवी खाली सोडायचे, टेलरबाई सांगत होत्या, समोरचा वाणी त्यात साखर घालून द्यायचा. अण्णांनी टेप मागितली. खिडकीच्या भिंतीपासून आत आठ फूट मोजले, तर टोक ओट्याच्याही पलीकडे गेलं.

"तेव्हा ट्रक इथूनच जायचे, अण्णा," ती म्हणाली. "तुमचं चुकलं नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. पण वळणरस्ता झाला तेव्हा मी नोकरीत होतो. तेव्हाच पुसायला हवी होती." त्यांनी टेप गुंडाळली. "माझी रेघ म्हणून राखत बसलो."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच वर्तमानपत्र बाजूला केलं आणि मसुद्यावर ओणवे झाले. शाळेच्या कोपऱ्यावरची रेघ का पुसलीस, असं त्यांनी विचारलं. सगळीच पुसली, ती म्हणाली.

"तिथे बस वळताना मागचं चाक फुटपाथवर चढतं. पोरं उभी असतात. रागाने पुसू नये, बाळा. मोजून पुसावं."

ती मनातून चरफडली. तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. चारपैकी तीन बसगाड्यांचं चाक वर चढलं. तेवढ्यापुरती चार फुटांची रेघ तिने निमूटपणे परत काढली. ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानातून जात होती.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. अण्णा बोलायला उठले, तेव्हा ते जुन्या आराखड्याची बाजू घेणार असंच सगळ्यांना वाटलं.

"ती रेघ मी काढली," ते म्हणाले, "आणि वेळेत पुसली नाही. त्याचा त्रास तुम्ही काढलात." एवढं बोलून ते बसले. मागच्या रांगेतून टेलरबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

आराखडा मंजूर झाला. वर्षभरात सात घरांची कुलपं निघाली, पहिलं टेलरबाईंचं. औषधवाल्याला मागच्या बाजूला तेवढीच जागा मिळाली, पण त्याने अण्णांशी बोलणं टाकलं. अण्णाही हट्टी. रक्तदाबाच्या गोळ्या दुसरीकडून घेणार नाहीत आणि स्वतः जाणारही नाहीत. दर महिन्याला सुनेला पाठवायचे. औषधवाला तोंड फिरवून गोळ्या द्यायचा.

मागच्या आठवड्यात पाकीट पुढे करताना तो पुटपुटला, "नुसत्या गोळ्या काय गिळतात? रक्तदाब तपासून जायला सांगा. मी काही खात नाही त्यांना."

तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून अण्णा पेठेच्या दिशेने निघाले, आणि कुणी सोबत येऊ नये असं बजावून गेले.