लेहच्या दगडाची दोन पदकं

"मामा, आई म्हणते, पंधरा दिवसांची रजा काढून या. बाबांचा दगड घडवायला द्यायचा आहे आणि समोर बसायला घरात माणूस नाही."

चांगुणाचं हे पत्र मला १९७३च्या चैत्रात आलं. मी तेव्हा नगरच्या एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव पाहत असे. माझी थोरली बहीण गोजरबाई, म्हणजे आमची अक्का, शेवगावला राहायची. चांगुणा तिची धाकटी मुलगी. तिचं लग्न अक्षय तृतीयेला ठरलं होतं.

आमच्याकडे सोनाराला सोनं दिलं की घरचं एक माणूस त्याच्या समोर बसतं. आटवल्यापासून शेवटची कडी जोडेपर्यंत बसतं. सोनारालाही त्याचं काही वाटत नाही, तो पाट सरकवून देतो. पण दगडासमोर बसायचं म्हणजे काय पाहायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी वाचनालयातलं दगड-रत्नांवरचं एक जुनं पुस्तक बरोबर घेतलं आणि एस.टी.नं शेवगावला गेलो.

दगड माझ्या मेहुण्यांचा, कारभारी पाटलांचा. ते सैन्यात ट्रक चालवत. लेहच्या बाजारात एका म्हाताऱ्या यारकंदी व्यापाऱ्याकडून त्यांनी तो घेतला होता. नदीत घासून गुळगुळीत झालेला, मुठीएवढा, वरून तपकिरी साल असलेला गोटा. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तो दोन्ही मुलींच्या हातात दिला आणि म्हणाले, याची दोन पदकं करू, एकीला एक. पुढच्याच वर्षी घाटात त्यांचा ट्रक दरीत गेला. दगड ट्रंकेत राहिला. थोरली विजयमाला काष्टीला दिली, तेव्हाही तो काढायचा धीर अक्काला झाला नाही. आता दोन्ही पदकं एकदमच करायची होती, एकाच दगडाची.

"एकाच दगडाची," अक्का मला पुन्हा म्हणाली. "एकीच्या गळ्यात बापाचा दगड आन दुसरीच्या गळ्यात हिरीतली गारगोटी, असं हुता कामा न्हाई. सोनं तोलून घेता येतं. दगड घासल्यावर किती उरंल, कोन सांगनार? डोळ्यांत तेल घालून बस. आन पुस्तक नेऊ नको संगं."

मी पुस्तक पिशवीत तळाशी घातलं.

आसाराम हा तालुक्यातला एकटाच दगड घासणारा. तरुणपणी गुजरातेत खंबायतला जाऊन अकरा वर्षं मणी घडवायला शिकला होता. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरी खणताना निघणाऱ्या गारगोट्या तो घेई आणि त्यांचे मणी करून जत्रांत विकी. त्या वर्षी दुष्काळामुळे जिथे तिथे विहिरी खोल करणं चाललं होतं, त्यामुळे त्याच्याकडे दगडांचा तोटा नव्हता. दारातच एक मोठी पाटी भरलेली असे. त्यात पांढऱ्या गारगोट्या होत्या आणि काही हिरव्याही होत्या. त्या हिरव्यांकडे माझं लक्ष पहिल्याच दिवशी गेलं.

"बसा मास्तर," तो म्हणाला. मी मास्तर नव्हतो, पण तसं सांगायचं राहून गेलं. त्यानं गोटा तळहातावर तोलला, गालाला लावला. "संगयशब हाय. खंबायतला दोनदा बघितला हुता. काय गार हाय बघा."

मी पुस्तकातलं पान काढून दाखवलं. त्यात या दगडाला जेड म्हटलं होतं. हाताला थंड लागतो आणि चाकूनं ओरखडा उठत नाही, असंही लिहिलं होतं.

"चित्र हाय का त्यात?"

"आहे. पण काळं-पांढरं आहे."

"मंग बराच उपयोग हाय म्हना की!" तो हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं.

गारगोटी असती तर त्यानं टोकदार सळईवर धरून, शिंगाच्या हातोडीनं टपल्या मारून तिचे कपचे काढले असते. हा दगड मात्र कपचेच देत नव्हता. म्हणून तो तारेनं कापावा लागला. बांबूच्या धनुकलीला तार ताणलेली, तारेखाली कुरुंदाची भुकटी आणि पाणी. आसाराम आणि त्याची बायको रंगुबाई आळीपाळीनं धनुकली ओढत. तार अर्धा इंच उतरायला दिवस जाई. सगळं काम पाण्यात. पाणी तर गावात टँकरचं. तेच गढूळ पाणी परातीत निवळू देऊन ते पुन्हा पुन्हा वापरत. सहाव्या दिवशी गोट्याचे दोन तुकडे झाले. आतला रंग पाहून मी थक्क झालो. आडातल्या शेवाळासारखा खोल हिरवा. पाण्याचे थेंब त्याच्यावरून ओघळत होते.

पहिलं पदक विजयमालाचं. त्याला सहाणेवर आकार दिला, लाखेच्या चाकावर झिलई दिली. मग सामत्याच्या, म्हणजे दोरीनं फिरवायच्या गिरमिटाच्या, टोकाला हिऱ्याची कणी लावून आसारामनं वरच्या बाजूला भोक पाडलं. ते करताना तो श्वाससुद्धा धरून घेत होता. "हितंच दगड दगा देतो," तो म्हणाला. "आत चीर असली तर भोक पाडताना पार दोन होतंय." भोक सरळ पडलं. मी ते पदक रुमालात बांधून अक्काला नेऊन दिलं. तिनं ते बराच वेळ ओंजळीत धरलं.

बाराव्या दिवशी घोटाळा झाला.

रोज दुपारी चांगुणा माझा डबा घेऊन येई. त्या दिवशी टँकर आला नव्हता. ती, अक्का आणि रंगुबाई तिघी सकाळपासून घागरी घेऊन रांगेत होत्या. डबा आला नाही. दोन वाजता मला भूक सोसेना. आसारामला म्हटलं, "मी घरी जाऊन येतो. तोवर..."

"तोवर हात लावीत न्हाई. जावा तुमी."

घरी जाऊन भाकरी खाऊन परतायला मला तासभर लागला. परत आलो तर दुकानात श्रीमंत बसला होता. हा विहिरींना सुरुंग लावणारा माणूस, आसारामला दगड तोच आणून देई. त्यानं नवं पोतं आणलं होतं आणि पाटी ओतून पुन्हा भरली होती. आसारामच्या हातात चांगुणाचं अर्धवट पदक होतं, तो ते फडक्यानं पुसत होता. परात कोरडी पडली होती.

ते पदक हिरवं नव्हतं. राखेचा हात फिरवावा तसं फिकट, पांढुरकं दिसत होतं.

तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण चारचौघांत कोणाला काही विचारायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि वाक्य जुळेपर्यंत वेळ निघून जाते. मी पाटावर बसलो. श्रीमंत आणि आसाराम कोणाच्या तरी विहिरीबद्दल बोलत होते. श्रीमंतनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आसारामला काहीतरी हळू सांगितलं. दोघं हसले. मी पाटीकडे पाहत राहिलो. सकाळी त्यात वर असलेले हिरवे दगड आता दिसत नव्हते.

घरी येऊन मी विजयमालाचं पदक मागून घेतलं, उजेडात धरलं. तेच शेवाळ, तीच खोली. मग अक्काला सांगितलं.

"खात्री हाय तुला?" ती म्हणाली.

"मला वाटतं..."

"वाटतं नको. बदलला का न्हाई?"

"रंग तो नाही, अक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आसारामच्या दारात उभी राहिली. मागे चांगुणा, तिच्या मागे मी. आठवडी बाजार होता, गल्लीत माणसं होती. श्रीमंतही पैशांसाठी आला होता.

"आसारामा, माझ्या नवऱ्याचा दगड कुठं हाय?"

"हा काय वैनी." त्यानं पदक पुढे केलं.

"ह्यो? ह्यो माझ्या नवऱ्याचा? रांडमुंड बाई बघून हिरीतला दगड गळ्यात बांधतोस व्हय रं माझ्या पोरीच्या?"

आसारामचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी समोर हुता. तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मी एक तास नव्हतो."

आसारामनं ते पदक जिभेवर घेतलं आणि चाटून अक्कासमोर धरलं. ते हिरवंगार दिसत होतं. बघता बघता वाळलं आणि पुन्हा राखेसारखं झालं. "झिलई न्हाई अजून. वाळला की असाच दिसतुया. मास्तरनी आजवर वलाच बघितला. काल पानी नव्हतं."

मला ऐकूनच शरमल्यासारखं झालं. पण श्रीमंत मध्येच म्हणाला, "आरं, चाटून तर माझ्या हिरीतला बी हिरवा हुतो. चाटू का?" माणसं हसली. आणि ते खरंच होतं. हसू ओसरल्यावर शंका होती तिथेच राहिली.

आसाराम उठला. पाटीत खालपर्यंत हात घालून त्यानं एक हिरवी गारगोटी काढली, सुपारीएवढी. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीचा एक घाव घातला. तिच्या ठिकऱ्या उडाल्या, एक श्रीमंतच्या पायावर जाऊन पडली.

"ही हिरीतली," आसाराम म्हणाला. मग त्यानं चांगुणाचं पदक त्याच ठोकळ्यावर ठेवलं आणि हातोडी माझ्यापुढे धरली. "संगयशब असंल तर फुटायचा न्हाई. मारा मास्तर. तुमी म्हनला बदलला. तुमीच मारा."

मी हातोडी घेतली. फुटलं तर आसाराम चोर, पण मग चांगुणाच्या हाती काहीच राहत नव्हतं. आणि न फुटलं तर? मला घाव घालता येईना.

"आन हिकडं," म्हणत अक्कानं माझ्या हातातून हातोडी ओढून घेतली आणि मारली. हळू नाही मारली. हातोडी उसळून तिच्याच खांद्याकडे आली. पदक ठोकळ्यावरून घरंगळून खाली पडलं. चांगुणानं उचललं. त्यावर साधा चरासुद्धा नव्हता.

अक्कानं हातोडी ठोकळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "चुकलं माझं आसारामा. आता भोक पाड. मी हितंच बसते."

"न्हाई वैनी."

"का रं?"

"भोक पाडताना दगड कदी कदी जातो. मास्तरना म्या सांगितलंय. माझ्या हातनं गेला, तर तुमी म्हनाल, मुद्दाम घालवला. समोर बसून चार डोळं माझ्या हातावर ठेवाल आन हात हालंल. मी न्हाई पाडनार."

"मग कोन पाडंल? शेवगावात दुसरं कोन हाय?"

"हितं ठेवा. घरी जावा. समोर कुनी बसायचं न्हाई. उद्या दुपारी न्या. हुतंय का तुमच्यानं?"

अक्कानं चांगुणाच्या हातातल्या पदकाकडे पाहिलं. खरं तर उत्तर सोपं होतं; दगड तोच होता, तिनंच हातोडी मारून पाहिली होती. पण मी तिचा चेहरा ओळखतो. दगड आज खरा होता. रात्रभर दुकानात राहिला तर उद्या तो काय असेल? पुन्हा हातोडी मारायची? तिनं चांगुणाच्या हातातून पदक घेतलं, पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"तसंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नगरला बघू. कापडात शिवून बांधंल गळ्यात."

"आई," चांगुणा म्हणाली.

"चल."

"आई, पिशवी दे."

तिनं आईच्या हातातून पिशवी घेतली. हिसकावली नाही, पण सोडलीही नाही. पदक काढलं आणि आसारामच्या पाटावर, मी बारा दिवस बसत होतो त्याच पाटावर, ठेवलं. "काका, दगड माझा हाय. उद्या दुपारी येते. एकटी." आणि ती आमच्यापुढे चालायला लागली. अक्का दोन पावलं गेली, थांबली, मग तीही गेली. सगळ्यांत शेवटी मी निघालो. गल्लीच्या वळणावर मागे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पाहिलं. आसारामनं पदकाला हात लावला नव्हता. तो आमच्या जाण्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मला नगरला परतायचं होतं. अक्का आणि मी ओसरीवर बसलो होतो. अक्का तांदूळ निवडत होती आणि निवडलेले पुन्हा निवडत होती. दोनच्या सुमारास चांगुणा आली. गळ्यात काळ्या दोऱ्यात पदक. झिलई दिलेलं, हिरवं, वरच्या बाजूला सरळ पडलेलं भोक. अक्कानं मान वर करून पाहिलं आणि मान खाली घातली.

मी उठलो. दोन पदकं शेजारी धरून पाहायची एवढंच माझ्या मनात होतं. खरंच एवढंच होतं का, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. "बघू गं," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

चांगुणानं एकदा माझ्या हाताकडे पाहिलं.

"छान झालंय, मामा," ती म्हणाली आणि तिनं पदर पदकावर ओढून घेतला.